घोडीवर माणूस आहे

"उतर खाली. आधी उतर, मंग बोल."

अण्णाजी दारातूनच ओरडले. हातातली पाण्याची बादली त्यांनी तिथेच ठेवली. रक्षा घोडीच्या वरच्या पायरीवर उभी होती, एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात जाड मासिकांचा गठ्ठा. वाचनालयाची ही घोडी म्हणजे लाकडी शिडी, दोन्ही बाजूंना पाय असलेली. शहाबादी फरशीवर तिचा मागचा पाय घसरत होता, आणि वर चढलेल्या माणसाला ते कळत नाही.

रक्षा जपून उतरली. तिचा चेहरा उतरला होता.

"कैलासभाऊनं सांगतलं होतं, काका. सोमवारी साहेब तपासणीले येऊन राह्यले. वरचे सगळे खण साफ पायजेत म्हणे."

"एकटी चढजो असं सांगतलं?"

"तसं नाई म्हनलं. पन 'तुले जमते का नाई ते पाहू' म्हनलं."

अण्णाजींना सगळं समजलं. रक्षा जवळच्या खेड्यातून एसटीने समुद्रपूरला यायची. ग्रंथालयाची परीक्षा पास होती. मुलाखत देऊन सहायक म्हणून लागली होती, पण तीन महिने पाहू या अटीवर. कैलासभाऊ वाचनालयाचे सचिव. बियाण्यांचं दुकान चालवता चालवता ते वाचनालयही चालवायचे. त्यांचा भाचा प्रफुल घरी बसून होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आयक," अण्णाजी म्हणाले. "इथं घोडीवर एकटं कोनी चढत नाई. एक मानूस वर, एक खाली. खालच्यानं पाय पहिल्या पायरीवर ठेवाचा अन् बोलत राह्यचं."

"बोलाचं काऊन?"

"बोलनं बंद झालं, म्हनजे खालचा मानूस गेला. मंग वरच्यानं उतरून याचं. असा नेम आहे."

"कोनाचा नेम?"

अण्णाजींनी बादली उचलली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली.

नेम त्यांच्या बायकोचा, भागीरथाचा होता. अण्णाजी इथे शिपाई म्हणून लागले तेव्हा त्यांचं नवीनच लग्न झालेलं. दुपारी ती डबा घेऊन यायची. एकदा तिने त्यांना घोडीवर एकटं डुलताना पाहिलं आणि डबा टेबलावर ठेवून खाली येऊन उभी राहिली. तेव्हापासून वरच्या खणांचं काम डब्याच्या वेळेसाठी राखून ठेवलेलं असायचं. ती पहिल्या पायरीवर पाय रोवायची आणि तोंड सुरू करायची. शेजारच्या बकरीने वाळत घातलेले सांडगे खाल्ले, बाजारात वांगी कशी दिली, जावेनं काय टोमणा मारला. अण्णाजी वरून नुसतं "हं, हं" करायचे. कोणी वाचक दारात आला की ती हात वर करायची. "थांबा जी. घोडीवर मानूस आहे." तहसीलदार आले तरी ती तेच म्हणायची, आणि तहसीलदारही थांबायचे.

पावसाळ्याआधी पुस्तकं अंगणात उन्हात घालायची असायची. प्रत्येक खणात वाळलेला कडुनिंबाचा पाला भरायचा असायचा. तेही दोघांनीच केलं, इतकी वर्षं. तिचं नाव हजेरीवर कधी नव्हतं आणि तिने ते मागितलंही नाही.

मागच्या पोळ्यानंतर ती काविळीने गेली.

तेव्हापासून अण्णाजी घोडीवर चढले नव्हते. गुडघाही साथ देत नव्हता, पण कारण गुडघा नव्हता. वरच्या खणातलं पुस्तक कोणी मागितलं की ते सांगायचे, "वाचाले गेलं आहे." गावात बोलवा झाली की आजकाल लोक जुनी पुस्तकं फार वाचून राह्यले.

"अण्णाजी, दुसरा भाग आला का वो?" मंदाबाई आत येत म्हणाल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, रोज दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसणाऱ्या. एका जुन्या प्रवासवर्णनाचा पहिला भाग वाचून त्या कधीच्या दुसऱ्याची वाट पाहत होत्या.

"नाई आला, बाई."

"लय सावकाश वाचते बाप्पा तो मानूस," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. कैलासभाऊ आत आले आणि त्यांनी मान वर करून खणांकडे पाहिलं.

"काऊन वं रक्षा, झालं नाई अजून? धूळ तशीच आहे."

"दोघं मिळून करतो, भाऊ," अण्णाजी म्हणाले. "मी खाली उभा राह्यतो."

"तुमी खाली उभे, ते वर. मंग टेबलावर कोन? एका कामाले दोन मानसं कुठून पुरवू मी? पोरीले जमत नसन तर तसं सांगा. प्रफुल येते उद्या. त्याले बिलकुल डर नाई वाटत."

"डर वाटत नाई, म्हनूनच त्याले चढू देऊ नका."

"म्हनजे?"

"घसरते ते घोडी. पाय तिरपा झाला आहे तिचा. रबर बसवा म्हनून मांगं बी सांगतलं होतं तुमाले."

"बसवू. सोमवार तर होऊ द्या."

रक्षा फडकं मुठीत धरून उभी होती. "मी चढतो, काका," ती हळूच म्हणाली. "काई होत नाई."

अण्णाजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "भाऊ, तिनं परीक्षा देली, मुलाखत देली, मंग लागली. त्यात घोडीवर एकटं चढाचं होतं काय? नव्हतं नं? मंग त्यावरून तिले काढाचं नाई. अन् मी इथं आहो तोवर एकटं कोनी चढनार नाई. प्रफुल बी नाई. आधी मले काढा, मंग काय कराचं ते करा."

इतकं बोलताना त्यांना गेल्या वर्षभरात कोणी ऐकलं नव्हतं. खुर्चीतून मंदाबाई म्हणाल्या, "टेबलाची काळजी काऊन करता, कैलासभाऊ? आमी थांबू नं. कोनाची गाडी सुटून राह्यली इथं?"

कैलासभाऊंनी दोघांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

"दोघं करा, नाईतर चौघं करा. मी संध्याकाळी येतो. आज झालं तर ठीक. नाई झालं तर उद्या प्रफुल."

मोटारसायकल गेली. अण्णाजींनी घोडीचे पाय तपासले, तिरप्या पायाखाली गोणपाटाची घडी दाबली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्या जागी लाकूड गुळगुळीत होऊन थोडं खोलगट झालं होतं.

"चढ आता."

रक्षा चढली. वरून धूळ खाली येऊ लागली. फडक्याचा आवाज, पानांचा आवाज. मग ती थांबली.

"काका, मी उतरू काय?"

"काऊन?"

"तुमी बोलून नाई राह्यले."

अण्णाजींनी तोंड उघडलं. काय बोलायचं? इतकी वर्षं ते वर होते आणि ऐकत होते. खाली उभं राहून बोलायचं काम त्यांना कधी पडलंच नव्हतं. रक्षाने एक पाय खालच्या पायरीवर टाकला.

"वांगी," अण्णाजी म्हणाले. "सकाळी वांग्याची भाजी केली. खारट झाली."

रक्षाचा पाय वर गेला. "मीठ किती टाकलं होतं?"

"तेच तर समजत नाई. ते मुठीनं टाके. मूठ तिची. माही मूठ मोठी आहे नं."

"मंग अर्धी मूठ टाका."

"अर्धी टाकली तं अळणी होते."

मंदाबाई हसल्या. रक्षाही हसली, आणि फडकं पुन्हा चालू लागलं. अण्णाजी बोलत राहिले. बकरीची गोष्ट सांगितली. बकरीने सांडगे खाल्ले तेव्हा भागीरथा तिच्यामागे स्टँडपर्यंत कशी धावली, आणि कंडक्टरने बकरीलाच आत घेऊन घंटी कशी मारली. ही गोष्ट त्यांनी घोडीवरून कितीदा ऐकली होती, पण आपण ती इतकी लक्ष देऊन ऐकली होती हे त्यांना आज कळत होतं.

मध्येच रक्षाने वरून एक पुस्तक खाली दिलं. दुसरा भाग. अण्णाजींनी तो मंदाबाईंच्या हातात ठेवला आणि मान खाली घातली.

"तुमाले माहीत होतं," ते म्हणाले.

"या खुर्चीतून दिसते नं वरच्या खणात पुस्तकाची पाठ," मंदाबाई म्हणाल्या. "बोला तुमी. पोरगी वर आहे."

ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. शेवटचा खण पुसून, त्यात कडुनिंबाचा पाला ठेवून रक्षा एकेक पायरी उतरली आणि फरशीवर उभी राहिली. अण्णाजींचा पाय पायरीवर तसाच होता. हात घोडीला धरलेला, नजर वर. ते भागीरथाच्या जावेबद्दल सांगत होते. रक्षा काही बोलणार, तोच मंदाबाईंनी हातानेच तिला थांबवलं.

दारात सावली पडली. कैलासभाऊ होते. ते बोलायला गेले.

अण्णाजींनी मागे न पाहता हात वर केला.

"थांबा जी. घोडीवर मानूस आहे."

कैलासभाऊंनी वर पाहिलं. मग रक्षाकडे पाहिलं, ती खाली उभी होती. हे शब्द त्यांनीही याच दारात भागीरथाच्या तोंडून ऐकले होते. त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबून राहिले.