थोरल्या दिराचा जबडा

माझा जबडा पडून निखळला न्हाय, मारून निखळला. हे आधीच सांगते, कारण त्या टायमाला सगळी भावकी म्हणायची, गुणाबाई विहिरीच्या पायरीवरनं घसरली.

लढाईची वर्षं हुती. निपाणीजवळच्या आमच्या खळ्यात तंबाखू बांधायचं चाललं हुतं. पान अजून वलं हुतं. थोरल्या दिराशी थेट बोलायची आमच्यात रीत न्हाय, म्हणून मी खांबाकडं तोंड करून म्हणलं, इतक्यात बांधू नगा, बुरशी धरंल. दीर परशराम, त्याला बाईनं शिकवलेलं खपायचं न्हाय. हातातल्या कड्यासकट असा तडाखा दिला की कानाखाली कट्ट झालं नि मी आडवी झाले. बघायला तिसरं माणूस न्हवतं.

भावकी बसली. आमच्यात थोरला दीर नि धाकटी भावजय एकमेकाला शिवत न्हाईत, पदर बी लागता कामा नये. परशरामानं तीच रीत पुढं केली. "धाकट्या भावजयीच्या अंगाला मी हात लावीन व्हय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. भावकीतलं वडीलधारं आण्णाप्पा म्हणालं, पोरगी घसरली नि देवमाणसावर आळ घेती. माझा नवरा शेजारी बसून जमीन उकरत हुता. तवापासनं मी मीठ संपलंय म्हणलं तरी परशरामाची बायको, माझी थोरली जाऊ मनुबाई, बरणी उघडून बघायची.

खालचे दात एका बाजूला सरकले, वरच्याला भेटंनात. घास चावला की कानापाशी कटकट, कळ थेट कपाळात. भाकरी कालवणात भिजवून गिळायची. जांभई आली की हनुवटी हातानं दाबून धरायची. गिळलेल्या दर घासाला मी परशरामाला शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू?

एकदा माहेरी, काकतीला, जांभई देताना तोंड उघडं ते उघडंच राह्यलं. तिथं हाडं बसवणारं मष्णूआप्पा हुतं. त्यांनी आंगठ्यास्नी फडकं गुंडाळलं, मागच्या दाढांवर ठेवलं, खाली दाबून मागं सारलं, नि जबडा बसला. दात जुळावंत म्हणून दाढंत धरायला गुळगुळीत लाकडाचा तुकडा दिला, हनुवटी बांधायला शिकवलं, आरशात बघून तोंड सरळ उघडायची सवय लावली. परत निसटंल म्हणून बसवायचं बी शिकवून ठेवलं, ते भावकीत सगळ्यांस्नी ठावं झालं. वरीसभरानं दाताला दात लागला. त्या दिवशी कडक भाकरी चावून खाल्ली नि लई रडले.

मग आमच्या गावची जत्रा आली. मटणाच्या दिवशी सगळी भावकी अंगणात जेवायला. परशरामानं नळी चोखायला आ वासला, नि वासलेलाच राह्यला. आधी पोरं हसली. मग लाळ गळायला लागली, डोळं पांढरं झालं, तशी सगळी ताटावरनं उठली. मनुबाईनं माझं पाय धरलं. आण्णाप्पा म्हणालं, गुणा, तुला येतंय, बसव.

मी हात धुतलं, पदर सारखा केला नि म्हणलं, "आण्णा, थोरल्या दिराला शिवायची आपल्यात रीत न्हाय. ती आधीच कुणी मोडली असंल तर शिवते. त्यास्नीच इचारा."

मग मी खांबाकडं न्हाय, थेट त्याच्या तोंडाकडं बघितलं. "मी घसरले, का तुम्ही मारलं?"

त्यानं नजर फिरवली. मी म्हणलं, बरं. ताटावर जाऊन बसले नि मटणाचा तुकडा घेऊन दोन्ही बाजूंनी सावकाश चावत राह्यले. लाळ त्याच्या सदऱ्यावरनं धोतरावर उतरली. शेवटाला त्यानं कड्याचा हात वर केला, स्वतःच्या छातीवर ठेवला नि व्हय म्हणून मान हलवली. मी म्हणलं, सगळ्यास्नी दिसू दे. परत हलवली.

मग बसवला. हळू दाबायचं असतंय, मी हळू दाबलं न्हाय. वर हनुवटी बांधली नि सांगितलं, बोलायचं न्हाय, चावायचं न्हाय, नुसती आंबील. ती आंबील मीच वाढायची, नि तो खाली मान घालून भुरकायचा.

आण्णाप्पांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. नवरा परसात मागनं आला, म्हणाला, आज बरं वाटलं बघ, मला पहिल्यापासनं ठावं हुतं.

मी म्हणलं, "त्यांचा जबडा निखळला हुता. तुमचा चांगला हुता की."