नळीचा मान

मेथीच्या जुड्या बांधता बांधताच हिराने सासऱ्याला प्रत्युत्तर केले आणि लोणी काळभोरच्या त्या मळ्यात कलहास आरंभ झाला.

"पाठीतलं पानी काढलं का लेकरू लुळं पडतं!" महिपतीआबा बांधावरून गरजले. "माझ्या घरात ह्यो परकार व्हायाचा न्हाय."

"पाठीतलं न्हाय, आबा. कमरंच्या हाडातला मगज काढत्यात. उलीसा."

"मगज? आगं, दवाखान्यात चाललीस का खाटकाकडं?"

सात वर्षांची कल्याणी निस्तेज मुद्रेने बांधावर बसली होती. कुठे नुसती टेकली तरी तिच्या अंगावर जांभळासारखे काळेनिळे डाग उमटत, हिरड्यांतून रक्त येई. शेजारच्या तुळजाबाईने तर हिराच पोरीला बडवते, अशी वार्ता गावभर केली होती. हडपसरच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले होते, की रक्त गोठविणाऱ्या पेशी अतिशय घटल्या आहेत. रक्त हाडांतल्या मगजात तयार होते, तेव्हा तो तपासल्यावाचून निदान नाही. कदाचित रक्ताचा कर्करोगही असेल. तो शब्द ऐकूनही हिराचे पाऊल मागे सरले नव्हते.

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"आबा, औंदा हिरीचं पानी आटलं, तवा तुमी हांड्यात डोकावत बसला व्हता का?"

"हांड्यात काय बघायचं, येडे? झरा बघाया खाली उतारलो."

"मंग पोरीचा झरा नको बघाया?"

तरीही आबांचा हट्ट सुटेना. "लुळी पडली तर ह्या उंबऱ्यात पाय ठिवू नगंस."

"पडली तर खांद्यावर घिऊन हिंडन. पर न बघता मरू देनार न्हाय!"

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन गेली. नवरा सुखदेव हडपसरच्या कॉम्प्युटर कंपनीत पहारेकरी होता. बापापुढे त्याची जीभ कधी वळली नाही, पण त्या दिवशी तो गणवेशातच दवाखान्यात आला आणि त्याने संमतीच्या कागदावर सही ठोकली. डॉक्टरांनी जागा बधिर करून सुई हाडात घातली. कल्याणीने आईचे मनगट चावले. हिराने ते सोडविले नाही.

मायलेकी काही दिवस दवाखान्यातच राहिल्या; मग निकाल आला.

"मगज उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "पेशी तयार होतात; बाहेर आल्यावर शरीरच त्या मोडून टाकतं. कर्करोग नाही. औषधानं आटोक्यात येईल."

"म्हंजी झरा जिता हाय. हांडा गळका हाय."

"अगदी बरोबर!"

गावात उतरताच हिराने रिक्षा नाकारली. पारावर तुळजाबाई टपलेलीच होती.

"काय गं, पडली का पोर लुळी?"

"तूच बघ की. चाल गं कल्याने, म्होरं हो!"

कल्याणी भर पेठेतून ताठ चालत घरी गेली.

रविवारी मटण शिजले. मगजाने भरलेली हाडाची नळी कर्त्या पुरुषाच्याच ताटात पडावी, असा त्या घराचा पूर्वापार प्रघात. हिराने ती सरळ कल्याणीला वाढली.

"नळी माझी असती," आबा म्हणाले.

"व्हती," हिरा म्हणाली.

कल्याणीने नळी दोन्ही हातांनी उचलली. "आबा, डाक्टरनं माझी वढली. आता तुमची मी चोखनार."

तिने जोर लावला, गाल आत गेले, पण मगज काही येईना. शेवटी आबांना राहवेना.

"आगं, तशी न्हाय. उलटी धर... आन् ताटावर ठोक!"