गाडी चालवणार कोण?

"हा मोठा दे," भोंगा म्हणाला आणि टेबलावरच्या दोन अल्टरनेटरपैकी जाडजूड अल्टरनेटरवर त्याने थाप मारली.

वायरमनने चष्मा कपाळावर सरकवला. "म्हैस विकत घेतल्यासारखी थाप काय मारतोस? आधी बघ तरी."

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उभी हयात त्याने हॉस्पिटलची अ‍ॅम्ब्युलन्स चालवली आणि ती अशी चालवली, की लोकांनी भोंगा ऐकून मान वळवावी तोवर गाडी पुढच्या चौकात. त्याच हॉस्पिटलच्या गाड्यांची वायरिंग सांभाळणाऱ्या या वायरमनने त्याला हे नाव दिलं आणि ते त्याला जन्माचं चिकटलं. आता दोघेही निवृत्त. वायरमनने घराखालीच दुकान थाटलं होतं आणि भोंग्याच्या फुप्फुसांनी संप पुकारला होता. नाकाला नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन आणि मशीनची वायर भिंतीतल्या सॉकेटात. सगळं शहर पालथं घातलेल्या माणसाचं जग नळीच्या लांबीइतकं उरलं होतं.

पण स्वस्थ बसेल तो भोंगा कसला? त्याने आपल्या जुन्या गाडीची मागची अर्धी सीट काढून मशीनसाठी लोखंडी चौकट बसवली. मग इन्व्हर्टर आला, दुसरी बॅटरी आली, पंखा आला. त्याची बायको बालवाडीत शिकवायची, त्यामुळे सगळ्या गल्लीची ती बाई. "नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा," बाई म्हणायच्या. तरी चौकटीला गादी शिवून दिली ती त्यांनीच, मशीनला हादरे बसू नयेत म्हणून.

हा सगळा खटाटोप लेकीच्या नव्या घरासाठी होता. घर डोंगरापलीकडच्या गावात. आम्हीच येतो, असं लेक फोनवर सारखी सांगायची. पण बापाला तिच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचं होतं. मागच्या महिन्यात निघालेही होते दोघं. शहराच्या वेशीवरच गाड्यांच्या रांगेत अडकले, बॅटरी बसली, इन्व्हर्टर ओरडला आणि मशीन बंद पडलं. जवळ छोटा सिलिंडर होता म्हणून धडपणे घरी पोचले. त्या दिवसापासून बाईंचं एकच म्हणणं होतं, इंजिनावर फिरून वीज पुरवणारा चांगला अल्टरनेटर बसल्याशिवाय शहर सोडायचं नाही.

वायरमनने मोठा अल्टरनेटर टेबलावरच्या विजेच्या मोटारीला जोडला आणि त्यावर हेडलाइटचे चार दिवे लावले. मोटार जोरात फिरवली तसे दिवे डोळ्यांवर आले. मग त्याने वेग अगदी कमी केला, आणि दिवे पेंगायला लागले.

"बघितलंस? इंजिन पळतंय तोवर हा राजा. गाडी सिग्नलला उभी राहिली की बडा घर पोकळ वासा. तुझ्या मशीनला उभ्या गाडीतपण भूक लागते."

मग त्याने दुसरा जोडला. हा जोरात फिरूनही पहिल्याइतका झगमगला नाही, पण वेग कमी केला तरी दिवे होते तसेच राहिले.

"म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवायची," भोंगा कुरकुरला. "दोन्ही गुण असलेला नाही का एखादा?"

"असा जावई कुणाला मिळालाय?" वायरमन म्हणाला. "हे बघ, मी गाडी बघून अल्टरनेटर देत नाही, ड्रायव्हर बघून देतो. आधी सांग, गाडी चालवणार कोण?"

"कोण म्हणजे? मी."

बाई शेजारीच स्टुलावर त्याचा छोटा सिलिंडर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भोंग्याच्या आजारपणात त्या गाडी शिकल्या होत्या आणि मांजर आडवं आलं तर त्याला रस्ता ओलांडून देऊन, वर ते परत येत नाही ना हे बघून पुढे निघायच्या. भोंगा या चालवण्याला 'वरात' म्हणायचा.

"मग एक चक्कर मारून ये," वायरमन म्हणाला. "इंजिन कसं पळवतोस ते कळू दे. वहिनी, तुम्ही मागे बसा मशीनपाशी."

भोंग्याने गाडी काढली ती जुन्याच झोकात. पहिलं वळण त्याने असं घेतलं, की बाईंनी मशीन मांडीवरच्या पोरासारखं कवटाळलं. बरं वाटलं त्याला, फार बरं वाटलं. हातांची सवय अजून गेली नव्हती. दुसऱ्या वळणावर समोरून टेम्पो आला आणि स्टिअरिंग झटकन फिरवावं लागलं. जुन्या गाडीचं ते जड स्टिअरिंग. तेवढ्या एका झटक्यात त्याचा सगळा दम संपला. डोळ्यांपुढचा रस्ता अंधुक झाला. त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली.

मागून बाईंनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मशीन चालू होतं.

दम परत यायला वेळ लागला. त्या वेळात त्याला त्याचा एक सहकारी आठवला. तापाने फणफणलेला असूनही तो अ‍ॅम्ब्युलन्स काढायला निघाला होता. भोंग्याने त्याच्या हातातून चावी काढून घेतली होती. 'मागे पेशंट असताना आपली हौस भागवायची नसते,' असं त्याला चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हा बरोबरच बोललो होतो आपण, असं भोंग्याला वाटलं. आणि आता या गाडीतला पेशंट कोण, हे सांगायला डॉक्टर नको होता.

दुकानापर्यंत त्याने गाडी हळूहळू आणली. वायरमन मोठा अल्टरनेटर हातात घेऊनच उभा होता.

"तो ठेव," भोंगा म्हणाला. "दुसरा बसव."

"का रे? पळवलीस की चांगली. मी इथनं ऐकलं."

"गाडी ही चालवणार आहे." त्याने बाईंकडे बघितलं नाही. "हिचं इंजिन कधी ओरडायचं नाही. हिच्या हिशोबाने बसव."

वायरमनने मोठा अल्टरनेटर परत टेबलावर ठेवला. त्याने नट ढिले करायला घेतले. बाई एकदम गाडीतून उतरून पाणी आणायला आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या.

उन्हं उतरायच्या आत काम झालं. जाड केबल ओढून झाली, अल्टरनेटरचा पट्टा ताणून झाला. वायरमनने गाडी जागेवरच चालू ठेवली आणि मशीन, पंखा, दिवे, सगळं लावलं. मीटरचा काटा जराही खाली आला नाही. भोंग्याने वाकून इंजिनाचा आवाज ऐकला. शांत, पोटभर जेवल्यासारखा. हाच घ्यायला हवा होता, असं त्याला मनापासून वाटलं.

"रविवारी जाऊ," तो म्हणाला. "लेकीला कळव. दुपारपर्यंत पोचू म्हणावं."

"संध्याकाळपर्यंत," बाई म्हणाल्या.

"बरं, संध्याकाळपर्यंत."

बाई स्टिअरिंगवर बसल्या. तो पलीकडून गेला आणि शेजारच्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. सीटबेल्ट ओढायला त्याचा हात सवयीने नेहमीच्या, उजव्या खांद्यावर गेला. तिथे काहीच नव्हतं. हात थोडा वेळ तिथेच चाचपडत राहिला.

बाईंना ते दिसलं. त्यांनी सांगितलं नाही, हातही पुढे केला नाही. इंजिन चालू ठेवून, समोर रस्त्याकडे बघत, त्याला पट्टा सापडेपर्यंत त्या थांबल्या.