काकूंना विचारा

मेलेल्या माणसाच्या घरात फोन असू नये. आमच्या घरात होता, कारण हे टेलिफोन खात्यात होते आणि एक्स्चेंजमधून यांना कधीही बोलावणं यायचं. चंदीगडमधल्या मराठी घरांत तेव्हा फोन फार थोड्या ठिकाणी होता, त्यामुळे सगळ्यांच्या बऱ्यावाईट बातम्या आमच्याकडे येऊन पडत. वाईट जास्त. बदलीवर आलेली माणसं, ना गणगोत जवळ, ना ओळखीचा भटजी. कुणाचे वडील गेले, कुणाची सासू गेली, की पहिला फोन आम्हाला. हे उठायचे, मफलर गुंडाळायचे आणि निघायचे. बांबू मनीमाजऱ्याच्या बाजारातून, मडकंही तिथूनच, लाकडं पंचवीस सेक्टरच्या स्मशानात मिळतात, डॉक्टरचा दाखला सगळ्यात आधी. आपल्या पद्धतीने तिरडी बांधता येणारी माणसं या शहरात दोनच, एक हे आणि दुसरे कृष्णकांत गुरुजी. गुरुजी तसे अकाउंट्स ऑफिसात कारकून, पण मंत्र पाठ.

हे घरी नसले की फोनवर उत्तरं मी द्यायची. माणसं रडतही आणि रडता रडता विचारतही. काकू, डोकं कुठल्या दिशेला करायचं? तुळशीपत्र तोंडात आधी की पाणी आधी? मुलगा कलकत्त्याहून निघालाय, थांबायचं का? मी एक डोळा गॅसवरच्या भाजीकडे ठेवून सांगत असे. स्मशानात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आपल्यात बायका जात नाहीत. पण हे परत आले की आंघोळ करून चहा घेताना तिथे कोण कुठे चुकलं ते साग्रसंगीत सांगायचे. कितीदा वाटायचं, म्हणावं की अहो, चहा तरी मुकाट्याने प्या. पण ऐकून ऐकून सगळं पाठ झालं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत हेच गेले. सकाळी चहा ठेवला, हाक मारली, उठले नाहीत. शेजारच्या ग्रेवाल भैणजींनी डॉक्टर आणला, त्याने मान हलवली. आम्हाला मूलबाळ नाही. यांचे धाकटे भाऊ रघुनाथ दिल्लीला असतात, त्यांना ट्रंक कॉल लावला तोही मीच.

तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. यांच्याजवळ थोडा वेळ बसायचं. रडायला नव्हे, नुसतं बसायला. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या मयताला धावला, सणावारी ताटावरून उठून गेला. आज एकदाचा घरी होता, आणि तेही थोडाच वेळ.

पण बसू देतात कुठे? आधी हेरंब आला. विद्यापीठात केमिस्ट्री शिकवतो, पोरगा गुणी, पण काडीचा व्यवहार कळत नाही. माझ्या पाया पडला, डोळे पुसले आणि म्हणाला, "काकू, बांबू किती लागतात?" त्याच्या मागोमाग बँकेतला विलास. "काकू, पांढरं कापड खादी भांडारातलं चालेल ना?" गुरुजींना बोलवा म्हटलं, तर गुरुजी रजा घेऊन साताऱ्याला गेलेले. मग जो तो माझ्याकडे. मी यांच्या उशाशी मांडी घातली की कुणीतरी दारातून डोकावे. काकू, सुतळी कुठे असते? काकू, गोवऱ्या कुणाकडे मिळतील? काकू, काकांना धोतर नेसवायचं की पायजमा चालेल? आपापसात वाद झाला की शेवटी कुणीतरी म्हणे, "काकूंना विचारा," आणि वाद मिटे. त्यांचा मिटे.

त्यात फोन. एक बाई म्हणाल्या, ऐकून फार वाईट वाटलं हो, आणि मग कसं काय करताय? जणू लग्नाची तयारी विचारत होत्या. मोहालीहून एकांचा आला. त्यांना काही कळलेलं नव्हतं.

"दिगंबरराव आहेत का? वडिलांचं काही खरं दिसत नाही. विचारून ठेवावं म्हटलं."

"आहेत," मी म्हटलं. "पण उठायचे नाहीत."

ते गृहस्थ गोंधळले. मी नीट सांगितलं तेव्हा माफी माफी करू लागले. आणि मी काय करावं? त्यांच्या वडिलांचं सगळं समजावून दिलं. गंगाजल आणून ठेवा, दाखल्यासाठी ओळखीचा डॉक्टर बघून ठेवा, मोहालीहून गाडी आधी ठरवा. फोन ठेवल्यावर माझी मलाच चीड आली. आत नवरा गेलाय आणि ही बया गाडी ठरवतेय.

दुपारी रघुनाथभावजी टॅक्सीने आले. अग्नी तेच देणार होते. भावाच्या पायांवर डोकं ठेवून ते लहान मुलासारखे रडले, मलाही भरून आलं. मी जवळ जाऊन बसले. एवढ्यात त्यांनी तोंड वर केलं.

"वहिनी, आपलं गोत्र काय हो?"

"कौशिक," मी म्हटलं, आणि उठून तूप काढायला गेले. बसून उपयोग नव्हता.

खात्याचा ट्रक आला. मी वाकून पायांना हात लावला, तेवढ्यात विलासने पलीकडून विचारलं, सुतळी आणखी आहे का. माझ्या यांना असं नेलं, माझ्या डोळ्यांसमोरून, आणि मी सुतळीचा गुंडा शोधत होते.

ट्रक गेल्यावर घर रिकामं झालं. ओळखीतल्या, वयाने मोठ्या पद्मिनीबाई आणि दोघीतिघी बायका होत्या. जमीन पुसली, यांच्या जागेवर दिवा लावला. आता दिव्यापाशी तरी बसेन म्हटलं. बसते न बसते तोच बाहेर स्कूटर थांबली. हेरंब.

"काकू, तिथला पंडित म्हणतो मडकं वाटेतच फोडायला हवं होतं. त्यांच्यात तसंच करतात म्हणे. आता काय करायचं?"

"ते त्यांच्यात. आपल्यात आधी अग्नी, मग खांद्यावर मडकं घेऊन तीन फेऱ्या, दर फेरीला दगडाने एक भोक. भावजींना सांग."

"बरं," म्हणाला आणि गेला. मी डोळे मिटले. यांचा चेहरा समोर आणायचा होता, पण येत होती ती सुतळी. किती वेळ गेला कुणास ठाऊक, स्कूटर पुन्हा दारात. हेरंबच्या तोंडावर घाम, त्या थंडीत.

"काकू, दगड कुठला घ्यायचा? मोठा की लहान? आणि नंतर टाकून द्यायचा की घरी आणायचा? रघुनाथकाका म्हणतात आणायचा, विलास म्हणतो टाकायचा, पंडित म्हणतो दगड हवाच कशाला."

"म्हणजे अजून अग्नी दिला नाही?"

"नाही. लाकडांवर ठेवलंय. तुम्ही सांगितल्याशिवाय पुढे करायला कुणी तयार नाही. काका असते तर..." तो मध्येच थांबला.

मी उठले. अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. शाल घेतली.

"अगं नलिनी, कुठे निघालीस?" पद्मिनीबाई घाबरल्या. "आपल्यात बायका जात नाहीत."

"आपल्यात पुरुषांना काही येतही नाही," मी म्हटलं.

ग्रेवाल भैणजी दारात उभ्या होत्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं. "जाण दे भैणजी," त्या पद्मिनीबाईंना म्हणाल्या. "साडे विच तां सारियां जांदियां ने." त्यांच्यात म्हणे सगळ्या बायका जातात. आणि मला हाताला धरून त्यांनीच स्कूटरवर बसवलं.

पंचवीस सेक्टरला धुकं उतरायला लागलं होतं. सगळे पुरुष हात चोळत एका बाजूला उभे होते, आणि हे एकटे पलीकडे, लाकडांवर. मला बघून रघुनाथभावजी पुढे धावले.

"वहिनी, तुम्ही इथे?"

"सारखं विचारायला माणूस पाठवताय. म्हटलं एकदाच येऊन सांगते."

भावजी बाजूला झाले. मी बघितलं तर डोकं उत्तरेला. ते दक्षिणेला करायला लावलं. तोंडावरचं कापड बाजूला केलं, तूप वाहायला सांगितलं. खाली वाकून मुठीत मावेलसा एक दगड उचलला आणि भावजींच्या हातात दिला. हा जीवखडा, हा टाकायचा नाही, दहाव्यापर्यंत जपून ठेवायचा, यात तुमचा भाऊ आहे असं समजायचं. मडकं डाव्या खांद्यावर. शेवटी मागे न बघता सोडून द्यायचं. पंडितजी बाजूला उभे राहून ऐकत होते. मी पहिल्यांदा ती जागा पाहत होते आणि तरी मला सगळं ओळखीचं वाटत होतं, नळ कुठे, लाकडांची वखार कुठे, पावसाळ्यात माणसं उभी राहतात ती शेड कुठे. यांनी सांगितलं होतं तसंच होतं.

"काकू, आता?" हेरंबने विचारलं. हातात पेटवायची गवताची चूड तयार होती.

"आता सगळे त्या शेडमध्ये जाऊन उभे राहा."

"आणि मग काय करायचं?"

"काही नाही करायचं."

ते गेले. एकेक करून, वळून वळून बघत, पण गेले. मी लाकडांपाशी जमिनीवरच बसले. यांचा हात बाहेर आला होता, तो हातात घेतला. थंडगार होता. आणि मला इतका राग आला यांचा. साऱ्या गावाला शिकवत बसलात, प्रत्येकाला सांगितलंत कसं करायचं, आणि मी काय करायचं ते कोण सांगणार? मी कुणाला फोन करू? असं मोठ्याने म्हटलं मी. कुणी ऐकलं असेल तर ऐको. मग रडू आलं, सकाळपासूनचं, न थांबणारं. हात सोडवेना. मी तशीच बसून राहिले.

धुकं दाट झालं. शेडमध्ये कुणीतरी खोकलं. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि हेरंब माझ्यामागे थोडं दूर येऊन उभा राहिला.

"काकू," तो अगदी हळू म्हणाला, "झालं?"

"नाही," मी म्हटलं.