सहाव्या फेरीआधीचे दहा सेकंद

मामाच्या उतावळेपणाला कारखान्यात तोड नव्हती. पोलादाची लालबुंद प्लेट दोन फिरत्या रोलांमधून चेपून बाहेर पडली रे पडली की त्याने दांडा उलटा फिरवलाच, आणि प्लेट परत आत! चोवीस वर्षं त्याने पोलादाला उसंत म्हणून दिली नव्हती. पण हे नवं पोलाद भलतंच चिवट निघालं. सहाव्या, म्हणजे शेवटच्या फेरीला भाराचा काटा लाल रेघ ओलांडायचा, मोटर बंद पडायची आणि प्लेट मध्येच अडकून बसायची.

भाची तिथल्याच लॅबमध्ये होती. तिने बोटाएवढे तुकडे तापवून दोनदा दाबून पाहिले होते. लागोपाठ दाबले तर दुसऱ्यांदा जोर जास्त लागे. दहा सेकंद थांबलं तर चेंगरलेल्या कणांच्या जागी नवे कण तयार होत आणि पोलाद आपलं आपणच मऊ पडे. सहाव्या फेरीआधी तसं थांबून पाहायला मॅनेजरने एका प्लेटची परवानगी दिली. फसलं तर प्रयोग बंद आणि तिची रवानगी स्टोअरमध्ये. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"थांबलं तर ते गार होऊन आणखी कडक होईल!" रोलांच्या वरच्या केबिनमध्ये मामा फणकारला. "मला शिकवतेस? तुला सायकल कोणी शिकवली?"

"तूच. आणि पाडलंसही तूच. मिनिटभर थांबलास तर कडक होईलच, मामा. दहाच सेकंद थांब."

पाच फेऱ्या झाल्या. प्लेट बाहेर येऊन थांबली. भाची मोजू लागली. चार म्हणेपर्यंत मामाचा हात शिवशिवायला लागला. शेवटी तो उजवा हात मांडीखाली घालून त्यावर बसला.

"झोपलात की काय?" खालून मॅनेजर ओरडला. "चालवा!"

भाची मोजतच राहिली. सात. मामाने डाव्या हाताने माईक ओढला.

"साहेब, जरा दम धरा. अजून तीन सेकंद आहेत."

दहा! दांडा फिरला. काटा चढला, आणखी चढला, आणि लाल रेघेच्या चांगला दोन बोटं खाली थांबला. प्लेट सरळ, सपाट बाहेर आली. भाचीने अशी उडी मारली की हेल्मेट छताला आपटलं.

मामाने डोळे पुसले, घाम पुसल्यासारखं करून. मग मॅनेजरला न विचारताच माईकवर म्हणाला, "पुढची प्लेट आणा. आणि इथे कुणी घाई करायची नाही, आमच्या भाचीचा हुकूम आहे."