सगळ्यात भारी सुगंध

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवलेली मी परफ्यूमची एक जुनी बाटली आहे. अजून निम्मी भरलेली आहे. माझ्यामुळे काय घडलं, ते आज सांगून टाकते.

कारखान्यात माझ्यात सर्वांत तीव्र परफ्यूम भरलं गेलं. शंभर थेंबांत तीस थेंब सुगंधी तेल! शेजारच्या कोलोनच्या बाटलीत जेमतेम चार. तिच्याकडे पाहून मी नाक मुरडायचे.

एके दिवशी दुकानात एक मुलगी आली. पहिल्या पगारातून तिला स्वतःसाठी काहीतरी घ्यायचं होतं. "सगळ्यात भारी द्या," ती म्हणाली.

"हे सगळ्यात तीव्र," दुकानदारबाई म्हणाल्या. "दिवसभर टिकतं, पण एकच फवारा मारायचा. लहान जागेत वावरायचं असेल तर हलकं कोलोन घ्या. दोन तासांत उडून जातं."

"उडूनच जाणार, तर घेऊ कशाला?" म्हणत तिनं मला उचललं. मी फुशारून गेले.

घर दोन खोल्यांचं. तिथे ती आणि तिचे बाबा राहायचे. बाबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, अजूनही एखादं उघडून बसायचे. रोज सकाळी ती आरशासमोर फवारे मारायची. नाक सरावलं, तसे एकाचे पाच झाले. बाबा हळूच खुर्ची उचलून गॅलरीत जायचे. "इथे उजेड बरा आहे," म्हणायचे. खोकला आला की तो तिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायचे. मला सगळं दिसत होतं. तरी वाटायचं, काय माझा रुबाब, माणसं जागा सोडून उठतात!

एका गारठ्याच्या सकाळी तिच्या ऑफिसात मोठी बैठक होती. खिडक्या बंद होत्या. तिनं दहा फवारे मारले आणि निघताना बाबांना मिठी मारली. ते मटकन खाली बसले. श्वास आत जाईना, ओठ निळे पडले. शेजारच्या काकूंनी धावत येऊन खिडक्या उघडल्या, गाडी बोलावली.

चार दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आले. ती त्यांच्या पायाशी बसून रडली. "बाबा, त्रास होतो हे बोलला का नाहीत?"

"आई गेल्यापासून तू आरशात बघून हसली नव्हतीस गं. म्हटलं, थोडा खोकला झाला तर काय बिघडलं?"

मला तोंड नाही, पाय नाहीत, हे खरं. मी काय करणार होते? पण तो माणूस गॅलरीत जाताना मला आनंद व्हायचा, तो आनंद तर माझाच होता.

आता ती हलकं कोलोन ऑफिसच्या खणात ठेवते. घरी काहीच लावत नाही. मला ती टाकूनच देणार होती. बाबाच म्हणाले, "राहू दे. तुझ्या पहिल्या कमाईची वस्तू आहे." त्यांनी मला माफ केलं. मला स्वतःला ते अजून जमलेलं नाही.

मित्रांनो, सुगंध घेताना तो किती टिकेल हे विचारता, तसं आपल्या शेजारी कोण बसतं हेही आठवा. त्या माणसाला विचारा. आणि तो "काही नाही" म्हणाला, तरी एकदा त्याच्याकडे नीट बघा.