गरम पाण्याची पिशवी आणि ताईंची पहिली सोबत

मित्रांनो, दुखरं अंग शेकायला ज्या लाल रबरी पिशवीत गरम पाणी भरतात ना, तीच मी. आता म्हातारी झाले आहे. पोट रिकामं असलं की चपटी, भरलं की गुबगुबीत, एवढंच माझं रूप. पण लहानपणापासून मला एक खोड आहे, चौकसपणाची. त्या खोडीमुळेच माझ्यापाशी तुम्हाला सांगण्यासारखं काही आहे.

कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडले, तेव्हा एका कामगाराने माझ्यात हवा भरून, मला पाण्यात बुडवून पाहिलं. बुडबुडा आला नाही. "पास!" तो म्हणाला. मग औषधांच्या दुकानातल्या फळीवर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्याचं बोलणं ऐकू लागले. कुणाची कंबर माझ्या वाट्याला येणार? कुणाचे गुडघे?

एक दिवस एक बाई आल्या. दुकानदाराने विचारलं, "कंबर धरली का हो?"

"माझी नाही," त्या म्हणाल्या. "जिची आहे, ती मला अजून भेटायचीय."

दुकानदार बघतच राहिला. मला तर कधी एकदा त्यांच्या घरी जाते असं झालं.

याच आमच्या ताई. आधी त्या एका कुरिअर कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. ती नोकरी सोडून त्यांनी डूलाचं शिक्षण घेतलं होतं. मला आधी 'झुला' असंच ऐकू आलं. वाटलं, आता आपल्याला झोके मिळणार! पण डूला म्हणजे बाळंतपणात आईची सोबत करणारी बाई. ती डॉक्टर नसते, नर्सही नसते. ती आईजवळ बसते, पाठ चोळते, धीर देते, शेवटपर्यंत हलत नाही.

घरी सराव सुरू झाला. ताईंचे यजमान चटईवर आडवे व्हायचे आणि विचारायचे, "ओरडू का? किती जोरात ओरडू?" मग मला त्यांच्या कमरेवर ठेवलं जायचं. पाच मिनिटांत ते घोरू लागायचे. छोटी लेक हसून लोळायची.

हसण्याखेळण्यात दिवस चालले होते. एकदा ताईंची नणंद आली. मला हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाली, "वहिनी, रागावू नका हं. पण लेकीच्या वेळी तुमचं स्वतःचं तर ऑपरेशन झालं होतं. कळा कशा सोसायच्या ते तुम्ही दुसरीला काय सांगणार?"

ताई हसल्या. नणंद गेल्यावर मात्र कितीतरी वेळ त्या मला मांडीवर घेऊन बसल्या. मी रिकामीच होते. यजमान म्हणाले, "मनावर घेऊ नकोस गं."

"ती खोटं कुठे बोलली?" ताई म्हणाल्या. "मलाही रोज हेच वाटतं."

मला प्रश्न पडला, स्वतःला जे जमलं नाही, त्यात दुसऱ्याची सोबत करता येत नसेल का?  

आणि मग पहिलं बोलावणं आलं. एक बेकरीवाली होती. पहिलटकरीण, हसरी, बोलकी. नवऱ्याबरोबर ती दवाखान्यात पोचली होती. ताई धावत गेल्या. खोलीच्या दाराशी मात्र त्यांचे पाय अडले. त्यांच्या खांद्यावरच्या झोळीतून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. "शिकलेलं काहीच आठवत नाहीये," त्या पुटपुटल्या. घाईघाईने त्यांनी माझ्यात गरम पाणी भरलं आणि बूच लावलं. पण ते नीट पिळलं गेलं नाही. बेकरीवालीच्या कमरेशी नेताना मी कलंडले, आणि सगळं पाणी ताईंच्या कपड्यांवर, फरशीवर! नशीब, कुणाला भाजलं नाही. मी शरमेने चपटी झाले.

बेकरीवाली कळ ओसरल्यावर डोळे उघडून पाहते तो काय! म्हणाली, "अहो ताई, पाणी माझं जायचं होतं, तुमचं कसं गेलं?"

नर्स हसली, नवरा हसला, आणि ओल्याचिंब ताईही हसल्या. हसता हसता त्यांचे खांदे सैल झाले. आठवायचा प्रयत्न त्यांनी सोडून दिला. शेजारी बसून त्यांनी नुसतं विचारलं, "कसं दुखतंय, सांग बरं मला."

"कुणीतरी आतून जड ट्रे ओढतंय असं. इथे, खाली."

"इथे? की जरा बाजूला?"

एकेक विचारत त्यांनी नेमकी जागा शोधली आणि मला पुन्हा भरून, बूच दोनदा तपासून, तिथे टेकवलं. बेकरीवालीने हुश्श केलं. त्या क्षणी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दुपार उतरली तसे डॉक्टरीणबाईंचे डोळे यंत्रावर खिळले. बाळाचे ठोके मंदावत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "आता थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशन करू या."

बेकरीवालीचा चेहरा पडला. "म्हणजे मला जमलं नाही ना, ताई?"

ताईंचा हात माझ्यावरच होता. तो क्षणभर घट्ट आवळला गेला. मग त्या म्हणाल्या, "माझंही ऑपरेशनच झालं होतं. मलाही असंच वाटलं होतं. इतकी वर्षं वाटत राहिलं. तेव्हा तिथे काय चाललंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगते. आत थंडी वाजेल. पडद्यापलीकडे ओढल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही. मी तुझ्या उशाशी असेन." मग वळून म्हणाल्या, "डॉक्टर, येऊ ना मी?"

"या. गाऊन, टोपी घाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बोलत राहिलात तर आमचंही काम सोपं होईल."

मला आत जायला मनाई होती. बेकरीवालीच्या नवऱ्याने मला पोटाशी धरलं आणि बाकावर बसला. मी हळूहळू गार होत गेले. आत काय चाललं असेल? ताई बोलत असतील का? बंद दाराकडे बघून आम्हा दोघांचाही जीव टांगणीला लागला होता. अखेर एक बारीक, चिडका टाहो ऐकू आला. त्या माणसाने मला इतकं आवळलं की माझं बूच उडायचंच बाकी राहिलं.

मुलगी झाली होती. आई सुखरूप होती. बाहेर आणल्यावर बेकरीवाली नवऱ्याला म्हणाली, "ताई एकसारख्या बोलत होत्या. मला एकटं वाटलंच नाही रे."

घरी आल्यावर ताई ढसाढसा रडल्या. यजमान घाबरले. "अहो, काही नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मलाही त्या वेळी कुणीतरी असं हवं होतं, एवढंच."

ताईंची धाकधूक त्या दिवशी संपली असं नाही. नवीन दार आलं की पाय अडायचे. पण आता त्या दार उघडून आत जायच्या. कितीतरी कमरांना मी ऊब दिली. कुणी मला पापा दिला, एकीने तर कळेच्या भरात मला चावलं! हळूहळू माझं रबर वाळलं, मानेशी भेगा पडल्या. ताईंनी नवी निळी पिशवी आणली आणि मी खणात गेले. त्यात त्यांचं चुकलं नाही. भेगाळलेल्या रबरात गरम पाणी भरलं तर एखादीला भाजायचं.

खणात बसून मी अजूनही कुणी बोललं की कान देते. मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ जन्माला आलं की सगळे पाळण्याभोवती गोळा होतात. तुम्हीही जा, बाळ गोड असतंच. पण त्याआधी पलंगावरच्या त्या थकलेल्या आईजवळ थोडं बसा. तिला विचारा, "तुला कसं वाटतंय?" आणि विचारलंत की लगेच उठू नका. तिला सांगायला वेळ लागेल.